तक्रार कोठें न्यावी?

म्युनिसिपालिटी कचरा उचलीत नाहीं, अर्जास उत्तरही देत नाहीं. अशा वेळीं गृहस्थानें कोठें जावें? इंग्लंडांत यासाठीं १९७४ च्या कायद्यानें ‘ऑम्बुड्समन’ नेमण्यांत आले. शब्द मूळचा स्वीडनचा. तक्रार प्रथम कौन्सिलकडेच न्यावी लागते. तेथें समाधान न झाल्यास, गोष्ट कळल्यापासून सामान्यतः १२ महिन्यांच्या आंत, ती विनामूल्य यांजपुढें मांडतां येते. निर्णय नापसंत आहे, एवढें कारण पुरत नाहीं. कामाच्या रीतींत दोष होता काय व त्यापासून नुकसान झालें काय, एवढेंच ते पाहतात. क्षमायाचना, भरपाई वा सुधारणा सुचवितात. सक्ति मात्र करूं शकत नाहींत. तरीही कौन्सिलें बहुधा ऐकतात. कारण निर्णय प्रसिद्ध होतात, आणि लोकलज्जा दंडाहून प्रखर असते. आम्ही वाचकांस इतकेंच सुचवितों कीं, संतापापेक्षां तारीखवार जपलेली पत्रांची नक्कल अधिक बोलते.