थट्टेला पुरून उरणारी गाणी

जेम्स टेलर या अमेरिकी गायक-गीतकाराची नक्कल करायला फार सामान लागत नाही. एक अकूस्टिक गिटार, न चढणारा आवाज, थोडी उदासी आणि कुठंतरी लांब जाणारा रस्ता, एवढं पुरतं. 1970 साली आलेल्या ‘स्वीट बेबी जेम्स’ या अल्बमनं आणि त्यातल्या ‘फायर अँड रेन’नं ही शैली घरोघरी नेली. ते गाणं बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं आणि मार्च 1971मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं टेलरला मुखपृष्ठावर आणलं. दणदणाटी रॉकच्या पाठोपाठ आलेली ही हळुवार, आत्मकथनासारखी गाणी सॉफ्ट रॉक म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि त्यांची खिल्लीही लगेचच सुरू झाली. अशा खिल्लीनं गाण्यांचा अपमान होतो असं अनेक रसिकांना वाटतं. मला मात्र वाटतं, प्रेमानं केलेली थट्टा हे बारकाईनं ऐकल्याचं लक्षण असतं आणि गाणं किती भक्कम आहे याची परीक्षाही तीच घेते.

थट्टा आणि द्वेष यांतला फरक इथं नीट पाहायला हवा. 1971 साली लेस्टर बँग्ज या समीक्षकानं एका लेखात टेलरला ठार मारण्याची कल्पना रंगवली होती. बँग्जला रॉकमधला रांगडेपणा प्रिय होता. स्वतःच्या दुःखात रमणारे गायक त्याला सहन होत नव्हते. त्याचा लेख झणझणीत आहे, पण टेलरची गाणी कशी बांधलेली असतात हे त्यातून कळत नाही. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेटमध्ये ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकाचा ‘लेमिंग्ज’ हा रंगमंचीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात क्रिस्टोफर गेस्टनं टेलरच्या ढंगात ‘हायवे टोज’ हे गाणं म्हटलं. अशा कामाला नुसती चीड पुरत नाही. टेलर अंगठ्यानं खर्जाची चाल धरून ठेवतो, उरलेल्या बोटांनी तिच्यावर छोट्या हरकती घेतो आणि शब्द गायल्यापेक्षा बोलल्यासारखे सोडतो. ही लकब उचलायची तर आधी ती कानात मुरावी लागते. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळातल्या कवींची विडंबनं केली, तीही कवितेच्या घडणीवर त्यांची हुकमत होती म्हणूनच साधली.

टेलरनं स्वतःच असं विडंबन गेस्टच्या आधी करून दाखवलं होतं. ‘स्वीट बेबी जेम्स’मध्येच ‘स्टीमरोलर’ नावाचं एक गाणं आहे. सुखवस्तू घरांतली गोरी मुलं कृष्णवर्णीयांचे ब्लूज आव आणून गातात, त्यांची ती गंमत आहे. टेलरचे वडील नॉर्थ कॅरोलिनात वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते, तेव्हा तो आपल्याच जातकुळीकडे बोट दाखवत होता. पण गाण्याची बांधणी इतकी पक्की, की जानेवारी 1973मध्ये एल्व्हिस प्रेस्लीनं हवाईच्या आपल्या गाजलेल्या मैफलीत ते पूर्ण जोशात गायलं आणि अमेरिकेच्या पहिल्या वीस गाण्यांत नेलं. विडंबन म्हणून जन्मलेलं गाणं अस्सल गाणं म्हणून उभं राहिलं, कारण ते करणाऱ्याला मूळ प्रकार आतून ठाऊक होता.

यावर गंभीर आक्षेप असा, की ‘फायर अँड रेन’च्या मागे खरं दुःख आहे. एका मैत्रिणीची आत्महत्या, हेरॉइनचं व्यसन, मोडलेला बँड. अशा गाण्यावर हसणं निर्दयपणा नव्हे का? दुःखावरच हसलं तर निर्दयपणाच, यात शंका नाही. पण चांगलं विडंबन दुःखाला हात लावत नाही. ते दुःख सांगण्याच्या सवयीवर बोट ठेवतं. 1994 साली ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेत टेलर स्वतःच्याच आवाजात आला आणि अंतराळयानातल्या मंडळींना हेच गाणं ऐकवू लागला. गाण्यातला उडत्या यंत्रांचा उल्लेख मुळात त्याच्या ‘फ्लाइंग मशीन’ या मोडलेल्या बँडचा. पण अंतराळात तरंगणाऱ्या माणसांपुढे तो भलताच अशुभ ठरतो, हे ध्यानात येऊन टेलर ओळ बदलतो. गेलेल्या मैत्रिणीचा इथं कुठंही उपमर्द नाही. हसू येतं ते कुठल्याही प्रसंगी शांतपणे धीर द्यायला निघालेल्या त्या आवाजाचं.

दुसरा आक्षेप असा, की हळव्या माणसाला चिडवणं सोपं असतं, त्यात कसलं कौशल्य? याचं उत्तर 2015च्या एका प्रसंगात सापडतं. ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी पॅरिसला गेले आणि तिथं टेलरनं गायिका-गीतकार कॅरोल किंगचं ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ गायलं. त्यावर भरपूर टवाळी झाली. ती करणं सोपं होतंच, तरी तिच्यात एक नेमकं निरीक्षण होतं. हे गाणं एका माणसानं दुसऱ्याला दिलेला शब्द आहे. 1971 साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्या खाजगी आश्वासनाच्या बळावर. दोन देशांच्या राजशिष्टाचाराचं ओझं त्याला पेलणारं नव्हतं. म्हणजे सॉफ्ट रॉकची ताकद कशात आहे आणि तिची हद्द कुठं संपते, हे त्या हशानं अचूक सांगितलं.

म्हणून अशा गाण्यांच्या चाहत्यांनी थट्टेला भिऊ नये, उलट तिचा उपयोग करून घ्यावा. थट्टा सवयी, लकबी आणि पोझ बाजूला काढते. जे गाणं केवळ लकबीवर उभं असतं, त्यात मागे काही उरत नाही. टेलरच्या बाबतीत चाल उरते, गिटारवरची बोटं उरतात, आणि नेमक्या शब्दांत सांगितलेलं दुःख उरतं. 2015 सालीच, सदुसष्टाव्या वर्षी, ‘बिफोर धिस वर्ल्ड’ हा त्याचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला. तिथं पोहोचलेला तो त्याचा पहिलाच अल्बम. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या हळवेपणावर लोक हसत आले, त्यालाच ते इतक्या मोठ्या संख्येनं ऐकतही राहिले, आणि या दोन गोष्टींत मला कुठलाही विरोध दिसत नाही.