मिगचा फिटर, सेस्नाचा विद्यार्थी

ओझरच्या मिग कारखान्यात मी उभी हयात फिटर म्हणून काढली. 1964 साली मिग-21 बांधण्यासाठी उभा राहिलेला हा कारखाना. पुढे मिग-27 आलं, सुखोई आलं. विमान तयार करायचं आम्ही आणि घेऊन उडायचं दुसऱ्याच कुणी, हा आमचा रिवाज. निवृत्तीच्या पैशाचं काय करणार, असं मुलानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘विमान चालवायला शिकणार.’ तो हसला. मी हसलो नाही.

नाशिकला विमानतळ दोन. पण गांधीनगरचा लष्कराचा आणि ओझरचा कारखान्याचा, हवाई दलाचा, प्रवासी विमानांचा. हौशी माणसानं शिकायला आग्रा रोड धरायचा, चांदवड-मालेगाव करत धुळं गाठायचं. तिथं गोंदूरला धावपट्टी आहे. 1928 साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण पुढे इथंच आलं. याच क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला होता.

मुक्काम आदल्या रात्रीच करावा लागतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात दहा वाजले की हवा तापून विरळ होते, पंखांना पुरेसा आधार मिळत नाही, धाव लांबते आणि वर गेल्यावर विमान हिंदकळायला लागतं. म्हणून शिकणाऱ्यांची गर्दी सकाळी उजाडताच.

विमान सेस्ना 172. चार खुर्च्या, पंख डोक्यावर, पुढे एक पंखा. 1955 सालचा आराखडा. जगात याच्याइतकं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. उडण्याआधी त्याच्याभोवती फेरी मारून सगळं हातानं तपासायचं, आणि खरं सांगतो, माझा अर्धा आनंद तिथंच आहे. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून बघायचं. ते निळसर असतं. पाणी शिरलं असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. पंख्याच्या धारेवरून बोट फिरवायचं, कुठं टवका तर नाही ना! डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी खाच आहे. नाक फार वर गेलं की पंखावरची हवा सुटायला लागते. त्याला स्टॉल म्हणतात. पंखाची उचल तिथं कोसळते. तो जवळ आला की खाचेतून हवा उलटी ओढली जाते आणि आत बसवलेली पातळ पट्टी, पेटीतल्या सुरासारखी, वाजायला लागते. ना वायर, ना बॅटरी. जमिनीवर तपासायचं असेल तर खाचेवर रुमाल धरून तोंडानं हवा ओढायची. पहिल्यांदा तो सूर निघाला तेव्हा मी शिकवणाऱ्या मॅडमना म्हणालो, ‘हे ज्यानं केलं, त्याच्या हाताखाली काम करायला आवडलं असतं.’

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणतात, पण चूक दाखवताना वय बघत नाहीत. त्यांचं एक पालुपद आहे : ‘काका, हात सैल सोडा.’ ट्रिम, म्हणजे हातानं न धरता नाक जागेवर ठेवणारी जुळणी, नीट लावलेलं असेल तर हे विमान आपापलं सरळ उडतं. धक्क्यानं नाक खाली गेलं तर वेग वाढतो आणि नाक आपसूक वर येतं. आयुष्यभर पाने आवळलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. स्टॉल आला तर हात स्टिअरिंग मागे ओढायला धावतो, आणि करायचं असतं नेमकं उलट : नाक खाली. जमीन समोर दिसत असताना नाक खाली घालणं हे धैर्य वगैरे नसतं, सवय असते. ती पुरेशा उंचीवर पुन्हापुन्हा करून लागते.

लोकांना वाटतं, मजा उंचीची. पांझरा नदीचा पट्टा, लळिंगचा किल्ला वरून छान दिसतो, नाही कोण म्हणतं! पण मला नाद लागला तो उतरण्याचा. जमिनीपासून हजार फुटांवर धावपट्टीला समांतर जायचं, दोन वळणं घेऊन तिच्या रेषेत यायचं, ताशी सुमारे 120 किलोमीटर वेग राखत खाली. शेवटी नजर चाकाखाली नाही, धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवायची, इंजिन मंद करायचं आणि विमानाला टेकू द्यायचंच नाही, टेकू द्यायचंच नाही, असं धरून ठेवायचं. मग ते स्वतःच दमून टेकतं. मिग-21 उतरताना आम्ही बघायचो. वेग याच्या दुपटीहून जास्त, मागे ब्रेकची छत्री. 26 सप्टेंबर 2025 ला ते विमान हवाई दलातून निवृत्त झालं. आमची पोटं त्यानं भरली, पण हातात कधी आलं नाही.

सोलो, म्हणजे एकट्यानं पहिलं उड्डाण, झालं त्या दिवशी मॅडम उतरल्या, दार लावलं आणि बाजूला झाल्या. एक माणूस कमी झाल्याबरोबर सेस्ना इतकं झटकन वर गेलं की वेळेआधीच वळणाची उंची आली. उतरल्यावर प्रथेप्रमाणे बादलीभर पाणी डोक्यावर. विशी-बाविशीतली पोरं ओतायला टपलेलीच होती. त्यांना व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास भरायचे असतात. माझा खासगी परवाना 40 तासांत भागतो. तासाला दहा हजारांच्या वर मोजावे लागतात, त्यामुळे ‘भागतो’ हा शब्द घरी जपून वापरतो.

विद्यार्थी परवान्यावर प्रवासी नेता येत नाही. बायकोला चांदवडच्या रेणुकेचा डोंगर वरून बघायचाय. ती शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून माझ्या परीक्षेतला हवामानाचा विषय तिनंच हातात घेतलाय. काल रात्री मला ढगांचे प्रकार सांगता आले नाहीत, तर पुस्तक मिटून म्हणाली, ‘असल्या वैमानिकाच्या शेजारी मी बसणार नाही.’