वक्तृत्वशास्त्राच्या अध्यापनातील लघुलेखन : स्वरूप, परंपरा व मूल्यमापन

प्रस्तावना

पाश्चात्त्य विद्यापीठांत, विशेषतः अमेरिकेत, पदवीच्या प्रथम वर्षास ‘ऱ्हेटरिक’ म्हणजेच वक्तृत्वशास्त्राचा अभ्यासक्रम शिकविला जातो. मराठीत ‘वक्तृत्व’ म्हटले की व्यासपीठावरील भाषण डोळ्यांसमोर येते आणि ‘अलंकारशास्त्र’ म्हटले की काव्यविचार. ऱ्हेटरिक या दोहोंहून वेगळे आहे. विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट श्रोत्यांना वा वाचकांना एखादी गोष्ट पटवून देण्याची साधने कोणती, याचा शोध घेणारे हे शास्त्र होय. ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांची भावावस्था आणि युक्तिवाद अशी तीन साधने सांगितली. ही साधने व्याख्या पाठ करून हाती येत नाहीत, ती वापरून पाहावी लागतात. या दृष्टीने लघुलेखनाचे स्थान स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लघुलेखन ही आधुनिक कल्पना नाही. ग्रीक-रोमन शिक्षणात ‘प्रोजिम्नाझ्माटा’ या नावाने पूर्वाभ्यासांची क्रमवार मालिका होती. इ. स. च्या चौथ्या शतकातील ॲफ्थोनिअसच्या ग्रंथात असे १४ अभ्यास आहेत. आरंभ बोधकथेने होतो आणि शेवट प्रस्तावित कायद्याच्या समर्थनाने वा खंडनाने होतो. त्यांतील एका अभ्यासात थोर व्यक्तीचे वचन वा कृती घेऊन तिचा विस्तार आठ टप्प्यांत करावयाचा असतो : स्तुती, अर्थविवरण, कारण, विरुद्ध बाजू, तुलना, उदाहरण, प्रमाण व उपसंहार. विद्यार्थ्याला ‘निबंध लिही’ असे न सांगता निबंधाचे अवयव एकेक करून हाताळावयास देणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठात बॅरेट वेंडेल यांनी ‘दैनिक लेखन’ रूढ केले. विद्यार्थ्याने रोज सुमारे एक परिच्छेद लिहून द्यावा, विषय स्वतःच्या निरीक्षणातून घ्यावा, अशी अपेक्षा असे. लेखनाची सवय लागली. परंतु तपासणीचा भार प्रचंड वाढला. १९१२ मध्ये ‘इंग्लिश जर्नल’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात एडविन हॉपकिन्स यांनी, प्रचलित परिस्थितीत लेखनाचे चांगले अध्यापन शक्य आहे काय, असा प्रश्न विचारून त्याचे उत्तर नकारार्थी दिले. विद्यार्थिसंख्या व अध्यापकाचा वेळ यांचे व्यस्त प्रमाण हेच त्यामागील कारण होते.

लघुलेखनाचे प्रमुख प्रकार

१) चार वाक्यांचे विश्लेषण : मार्गारेट वुडवर्थ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या प्रकारात पहिल्या वाक्यात लेखक, कृती व तिचे मुख्य प्रतिपादन येते, दुसऱ्यात ते कसे सिद्ध केले आहे हे येते, तिसऱ्यात लेखकाचा हेतू आणि चौथ्यात अभिप्रेत वाचक व त्याच्याशी साधलेले नाते येते. आपल्याकडील सारांशलेखनात ‘काय म्हटले आहे’ एवढेच विचारले जाते. येथे ‘कसे, कशासाठी आणि कोणासाठी’ हेही विचारले जाते.

२) वाचकबदल : एकच मागणी निरनिराळ्या वाचकांसाठी लिहावयाची. उदाहरणार्थ, ‘महाविद्यालयाचे ग्रंथालय रात्री नऊपर्यंत खुले असावे’ हे प्रतिपादन प्राचार्य, ग्रंथालय कर्मचारी आणि पालक या तिघांसाठी प्रत्येकी शंभर शब्दांत मांडावे. प्राचार्यांपुढे खर्च व उपयोग यांचा हिशेब येतो, कर्मचाऱ्यांपुढे कामाच्या पाळ्यांचा प्रश्न येतो, पालकांपुढे मुलींच्या सुरक्षित परतीचा. मागणी तीच राहते, कारणे बदलतात. वक्तृत्वशास्त्राचा गाभा विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो.

३) मुक्तलेखन : पीटर एल्बो यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात पुरस्कारिलेल्या या प्रकारात सुमारे दहा मिनिटे न थांबता लिहावयाचे असते. ते तपासावयाचे नसते. विचार सुचणे एवढाच त्याचा हेतू असतो.

मूल्यमापनाचा प्रश्न

लघुलेखनामुळे अध्यापकाचे काम आपोआप कमी होते, हा समज तपासून पाहावा लागेल. शंभर विद्यार्थ्यांनी १५०० शब्दांचा एकेक निबंध लिहिला तर दीड लाख शब्द होतात. दीडशे शब्दांची दहा लेखने दिली तरी दीड लाखच होतात. लाभ शब्दसंख्येत नसून विभागणीत आहे. सत्राच्या शेवटी निबंधावर दिलेला अभिप्राय विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण पुढे लिहावयाचे काही उरलेले नसते. दहा लेखनांत मात्र पहिल्याचा अभिप्राय दुसऱ्यात वापरता येतो. प्रत्येक लेखनात एकाच घटकाकडे पाहणे आणि दर वेळी चौथ्या हिश्श्याच्याच वह्या सविस्तर वाचून उरलेल्यांवर केवळ नोंद करणे, असे केल्यास भार आटोक्यात राहतो.

अभिप्रायाचा दर्जाही महत्त्वाचा आहे. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, अध्यापकांचे बरेचसे शेरे इतके सर्वसाधारण असतात की ते कोणत्याही लेखनाखाली चालावेत. ‘अधिक स्पष्ट लिहा’ या शेऱ्याने काहीच स्पष्ट होत नाही. क्विन्टिलियनने पहिल्या शतकातच इशारा दिला होता की, अतिकठोर दुरुस्तीने विद्यार्थी खचतो व लिहिणेच टाळू लागतो.

मर्यादा

केवळ लघुलेखनावर विसंबल्यास दीर्घ युक्तिवाद पेलण्याची क्षमता येत नाही. म्हणून ही लेखने अंतिम निबंधाच्या पायऱ्या ठराव्यात. तसेच २०२२ च्या अखेरीपासून संगणकीय साधने क्षणात निबंध लिहून देऊ लागल्याने घरी लिहून आणलेल्या मजकुरावरून विद्यार्थ्याची पारख करणे कठीण झाले आहे. वर्गात, समोर बसून लिहिलेले दीडशे शब्द त्यामुळे अधिक मोलाचे ठरतात.

समारोप

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पत्रलेखन व सारांशलेखन परिचित आहेच. त्याला ‘वाचक कोण आणि हेतू कोणता’ या दोन प्रश्नांची जोड दिल्यास नव्या अभ्यासक्रमाची वाट न पाहताही वक्तृत्वशास्त्राचे अध्यापन सुरू करता येईल. आपली मागणी सकारण मांडता येणे ही परीक्षेपुरती नव्हे, तर नागरिकत्वाचीही गरज आहे. ग्रामसभेतील अर्ज असो वा नोकरीसाठीचे पत्र, ज्याला ती मांडता येत नाही, त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो.