असरची सावली आणि घरी परतणारी ढोरं

सूरह नहलच्या सुरुवातीला अल्लाहतआला जनावरांच्या रूपाने दिलेल्या नेमतींची आठवण करून देतो. पाचव्या आयतीत ऊब, फायदे आणि अन्न येतं. सातव्या आयतीत ओझं वाहून नेणं. या दोन कामाच्या गोष्टींच्या मधोमध सहावी आयत फक्त सौंदर्याबद्दल बोलते. ढोरं संध्याकाळी घरी येतात, सकाळी चरायला निघतात, या देखाव्याला तिथे 'जमाल' म्हटलं आहे. आणि संध्याकाळ आधी का? मुफस्सिर सांगतात, तेव्हा जनावरं पोट भरून, दुधाने भरलेल्या कासेने परततात, म्हणून जास्त देखणी दिसतात.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पांढरी गवळाऊ जात इथलीच. बोरगाव मेघे आता वर्धा शहराला जवळजवळ चिकटलं आहे, वावरांच्या जागी ले-आऊट आले. तरी जरा बाहेर पडलं की पऱ्हाटी आणि तूर दिसते, मगरिबच्या आधी रस्त्यावर ढोरंही भेटतात. आपण काय करतो? मागून हॉर्न वाजवतो.

घाई तर नमाजलाही नको. इकामत कानावर आली तरी धावत न येता शांतपणे चालत यावं, जेवढी जमातसोबत मिळेल तेवढी पढावी, राहिलेली नंतर पूर्ण करावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

खरं म्हणजे नमाजच्या वेळाच आपल्याला आकाशाकडे बघायला लावतात. पहाटेचा उभा उजेड म्हणजे सुबह काजिब. तो फजरचा नव्हे. क्षितिजावर आडवा पसरतो तो सुबह सादिक. आज हे सगळं मोबाइलमध्ये आकडा होऊन येतं, आणि पोरांना असरची वेळ मिनिटासकट पाठ असते, पण तिचा सावलीशी संबंध आहे हे कित्येकांना माहीतच नसतं.

तो संबंध असा. सपाट अंगणात तीन फुटांची काठी सरळ रोवा. दुपारी सावली सर्वांत आखूड होते, ती 'असली साया'. ती वाढू लागली की जोहर सुरू. असली साया वगळून सावली काठीएवढी झाली की शाफई मसलकात असर, दुप्पट झाली की हनफी मसलकात. आता वर्ध्याची गंमत बघा. मे महिन्याच्या अखेरीस इथे सूर्य अगदी डोक्यावर येतो, असली साया उरतच नाही. म्हणजे हनफी असरला सावली सहा फूट. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र दुपारची सावलीच जवळजवळ काठीएवढी, त्यामुळे असरला ती नऊ फुटांच्या आसपास जाते.

जमातची वेळ मस्जिदीच्या तक्त्याप्रमाणेच पाळायची, काठी फक्त बघण्यासाठी. एखाद्या रविवारी पोरांना घेऊन बसा, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला लावा. ढग आले तर ढग बघा.

आपला किब्ला पश्चिमेकडे. त्यामुळे अंगणात असरला उभं राहिलं की आपली लांब सावली पाठीमागे पडते. सलाम फेरून, मुसल्ला गुंडाळताना मागे वळलं की दिसते ती.