नाताळचे हातकार्ड: स्टॅम्प, डाय आणि जलरंग

विक्रीसाठी काढलेले नाताळचे पहिले कार्ड 1843 साली लंडनमध्ये तयार झाले. त्यातल्या रेषा छापलेल्या होत्या आणि रंग हाताने भरलेले होते. हेन्री कोल हे सरकारी अधिकारी. नाताळात ओळखीच्या सगळ्यांना स्वतंत्र पत्रे लिहायला त्यांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतले. मध्यभागी प्याले उंचावणारे तीन पिढ्यांचे कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसे, अशी त्याची मांडणी होती. शिळाछापाने सुमारे हजार प्रती निघाल्या, त्या हाताने रंगवल्या गेल्या आणि एक शिलिंगाला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या. चित्रातल्या मुलांच्या हाती मद्य दाखवल्याबद्दल मद्यपानविरोधी मंडळींनी टीका केली. पण प्रथा रुजली. 1840 पासून इंग्लंडमध्ये अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र कोठेही एका पेनीत जाऊ लागले होते, त्यामुळे शुभेच्छा टपालाने पाठवणे सामान्य माणसालाही परवडणारे होते.

पुढे रंगीत शिळाछाप आला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून बोस्टनच्या लुई प्रँग यांनी 1870 च्या दशकात अतिशय देखणी कार्डे छापली, आणि हाताने रंग भरण्याची गरज उरली नाही. आजच्या छंदिष्टांनी हाताने रंग भरणे पुन्हा आणले आहे. स्टॅम्प रेषा देतो आणि तीच रेषा हव्या तितक्या वेळा देतो. डाय, म्हणजे कागद कापणारा साचा, कडा देते. जलरंग मात्र प्रत्येक कार्डावर वेगळा पसरतो, वेगळा वाळतो. म्हणून एकाच स्टॅम्पची चाळीस कार्डे केली तरी चाळिसांतले प्रत्येक कार्ड आपले स्वतःचे रूप घेऊन येते. हातकार्डाचे सगळे मोल या कामाच्या वाटणीत आहे.

कागद

कार्ड बिघडते ते बहुतेक वेळा कागदामुळे. साधा ड्रॉइंगचा कागद पाणी लागताच लाटांसारखा उचलला जातो आणि दुसऱ्या हाताला त्याचे तंतू सुटू लागतात. जलरंगासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा. त्याचे पृष्ठभाग तीन प्रकारचे मिळतात. हॉट प्रेस गुळगुळीत असतो. त्यावर स्टॅम्पची बारीक रेष स्वच्छ उमटते. कोल्ड प्रेसला हलकी खरड असते. त्यावर रंग सुरेख खेळतो, पण स्टॅम्प दोनदा मारावा लागतो. रफ कागद स्टॅम्पसाठी सोयीचा नाही. शंभर टक्के सुती कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो, त्यामुळे रंग एकमेकांत मिसळायला अवधी मिळतो. लाकडी लगद्याचा कागद स्वस्त असतो, पण लवकर वाळतो आणि रंगाच्या कडा दिसत राहतात.

कागदाचा दुसरा गुण म्हणजे त्याला दिलेली खळ. खळ पाण्याला लगेच आत शिरू देत नाही, रंगाला पृष्ठभागावर थांबवते. फ्रान्समधील आर्श येथे 1492 पासून कागद बनतो. तिथल्या जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची खळ असते. महाराष्ट्रालाही हातकागदाची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव या धंद्यावरूनच ओळखले जाते, आणि पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद कार्डाच्या बैठकीसाठी फार शोभतो. त्यावर थेट रंगवायचे असेल तर आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून पाहावा. थेंब उभा राहिला तर खळ पुरेशी आहे. लगेच जिरला तर शाई फुटणार.

कार्डाची बैठक, म्हणजे घडीचा भाग, 250 ते 300 जीएसएमच्या कार्डशीटचा करतात. ए5 आकाराच्या कागदाची मधोमध घडी घातली की 148 × 105 मिलिमीटरचे कार्ड होते आणि ते 162 × 114 मिलिमीटरच्या सी6 पाकिटात नेमके बसते. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून बोथट टोकाने खाच पाडावी, नाहीतर घडीवर कागद तडकतो. यंत्राने बनवलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की ज्या दिशेने तो सहज वाकतो ती कळते; घडी त्याच दिशेने घ्यावी.

स्टॅम्प आणि शाई

चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याचे अमेरिकन पेटंट 1844 साली मिळाले, आणि पुढे रबरी शिक्के कचेऱ्यांमध्ये आले. छंदाचे स्टॅम्प दोन जातींचे असतात. लाल रबराचे, लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेले स्टॅम्प टिकाऊ असतात आणि त्यांच्यात अगदी बारीक रेषा उतरतात. पारदर्शक पॉलिमरचे स्टॅम्प ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरतात. ते कागदावर नेमके कुठे पडणार ते आरपार दिसते. खरड असलेल्या कागदासाठी बिजागरीची स्टॅम्पिंग पाटी उपयोगी पडते. तिच्यात कागद लोहचुंबकाने पक्का धरतात आणि स्टॅम्प झाकणाला लावतात, त्यामुळे फिकट उमटलेली रेष पुन्हा त्याच जागी तंतोतंत मारता येते.

शाईची निवड चुकली तर पुढचे सारे काम वाया जाते. डाय इंक, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची शाई, लवकर वाळते, पण तिच्यातल्या बऱ्याच शाया पाणी लागताच फुटतात. जलरंगाखालच्या रेषेसाठी वाळल्यावर पाणी न धरणारी पिगमेंट किंवा आर्काइव्हल शाई लागते. पिगमेंट शाई कागदावर बसायला वेळ घेते. घाई असेल तर हीट गनने वाळवावी. काही जण मुद्दाम फिकट राखाडी, पाण्यात विरघळणाऱ्या शाईने स्टॅम्प मारतात. रंग भरताना ती रेष विरघळून जाते आणि चित्र सरळ कुंचल्याने काढल्यासारखे दिसते.

उठावाचे काम, म्हणजे हीट एम्बॉसिंग, जलरंगाचे जिवलग आहे. चिकट, सावकाश वाळणाऱ्या शाईने स्टॅम्प मारायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादा पावडर झटकायची आणि हीट गनची ऊब द्यायची. पावडर वितळून चकचकीत, उंचवट्याची रेष होते. पाणी ही रेष ओलांडत नाही, म्हणून प्रत्येक पाकळी वेगळी रंगवता येते. कागदावर दमटपणा किंवा विद्युतभार असेल तर पावडर नको तिथेही चिकटते. त्यासाठी स्टॅम्प मारण्यापूर्वी कागदावर वेगळ्या कोरड्या भुकटीची पुरचुंडी फिरवून घेतात. पांढरा किंवा सोनेरी उठाव आणि त्याभोवती निळ्या रात्रीचे आकाश ही नाताळकार्डाची अतिशय यशस्वी जोडी आहे.

जलरंग

जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक. लंडनमध्ये रीव्ह्ज बंधूंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या वड्या बनवल्या, तर विन्सर अँड न्यूटन या 1832 साली स्थापन झालेल्या कंपनीने 1846 मध्ये जलरंग धातूच्या ट्यूबमध्ये आणले. मराठी घरांत मात्र पिढ्यान् पिढ्या पोहोचली ती 'कॅमल'ची रंगपेटी. 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिन या उद्योगाचे ते बोधचिन्ह.

कार्डांसाठी मोठी पेटी लागत नाही. एक उबदार लाल, एक किरमिजी, एक पिवळा, अल्ट्रामरीन निळा, सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएना एवढे सहा रंग पुरतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हिवाळी आकाशाच्या फिकट राखाडीपासून झाडाच्या गडद खोडापर्यंत सगळ्या छटा निघतात. पांढरा रंग कागदाचाच राखायचा असतो. जिथे बर्फ किंवा उजेड हवा तिथे कुंचला न्यायचाच नाही. नाताळच्या लाल-हिरव्या जोडीत एक धोका आहे. हे दोन रंग परस्परपूरक असल्याने ओले असताना भेटले की तपकिरी चिखल होतो. म्हणून लाल पूर्ण वाळल्यावरच शेजारचा हिरवा भरावा.

तंत्रे थोडीच, पण ती नीट साधावी लागतात. कोरड्या कागदावर ओला रंग दिला की कडा स्पष्ट राहतात. फळे, पाने आणि फिती अशा रंगवतात. कागद आधी ओला करून त्यावर रंग सोडला की तो पसरत मऊ होतो; आकाश आणि धुके असे रंगवतात. ओल्या रंगावर जाड मिठाचे चार दाणे टाकले की प्रत्येक दाणा भोवतालचे पाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर हिमकणांसारखे ठिपके उरतात. मीठ टाकायची वेळ म्हणजे पाण्याची चकाकी नुकतीच मावळू लागते तेव्हा. आधी टाकले तर ते विरघळते, नंतर टाकले तर परिणामच होत नाही. पडणारा बर्फ शेवटी पांढऱ्या ग्वाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, दाखवतात. कुंचला भिजवून दुसऱ्या कुंचल्याच्या दांड्यावर आपटला की तुषार उडतात. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून ओला असताना तो थोडा जास्त गडद वाटला पाहिजे. कागद पाटीला चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवून रंगवावा आणि पूर्ण वाळल्यावरच टेप काढावी. कागद सपाट राहतो आणि भोवती स्वच्छ पांढरी चौकटही मिळते.

डाय

चामडे आणि पुठ्ठा ठरावीक आकारात कापण्यासाठी कारखान्यांत पोलादी पात्यांचे साचे आधीपासून होते. कॅलिफोर्नियातील एलिसन कंपनीने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात शाळांसाठी अक्षरे कापणारी हातयंत्रे काढली आणि हे तंत्र वर्गखोलीत आले. पुढे छोटी घरगुती यंत्रे आणि पातळ पत्र्याच्या डाय निघाल्या. अशा डायच्या एका बाजूला उभी धारदार कड असते. यंत्रातून जाणाऱ्या थराचा क्रम असा: तळाची पाटी, त्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, त्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय आणि सर्वांत वर दुसरी कटिंग प्लेट. हँडल फिरवले की दोन रुळांच्या दाबाखाली डाय कागद कापते.

जाड जलरंगी कागद एका फेरीत कापला गेला नाही तर डाय न हलवता तोच थर पुन्हा फिरवावा. डाय जागची सरकू नये म्हणून ती कमी चिकट टेपने धरून ठेवतात. जाळीदार हिमफुलांसारख्या नाजूक डायमध्ये कागद अडकतो. डाय आणि कागद यांच्यामध्ये मेणकागद ठेवला की तो अलगद सुटतो. कटिंग प्लेटवर ओरखडे पडतातच. दर वेळी ती उलटी आणि फिरवून वापरली तर वाकत नाही. सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे रंगवलेला कागद पूर्ण सुकल्यावरच कापावा. दमट कागद तुटत नाही, फाटतो.

एका कार्डाची घडण

पॉइनसेटियाचे कार्ड घेतले तर हा सगळा क्रम स्पष्ट होतो. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. अमेरिकेचे तिथले प्रतिनिधी जोएल पॉइनसेट यांच्यामुळे 1820 च्या दशकात ते अमेरिकेत पोहोचले. त्यातला लाल भाग पाकळ्यांचा नसून पानांचा असतो. खरी फुले म्हणजे मधले पिवळट गोंडे. चित्रात हे लक्षात ठेवले तर लाल पानांना शिरा द्याव्याशा वाटतात आणि फूल खोटे दिसत नाही.

प्रथम हॉट प्रेस कागदावर स्टॅम्पने फुलाची बाह्यरेषा उमटवून सोनेरी उठाव करायचा. मग प्रत्येक लाल पानात टोकाकडे स्वच्छ पाणी आणि देठाकडे गडद किरमिजी सोडायचा. रंग आपोआप टोकाकडे फिका होत जातो. शेजारशेजारची पाने एकदम न रंगवता एकाआड एक घ्यायची. लाल वाळल्यावर हिरवी पाने, शेवटी मधला पिवळा. सगळे सुकल्यावर त्याच स्टॅम्पशी जुळणाऱ्या बाह्यरेषेच्या डायने फूल कापायचे. दुसऱ्या कागदावर निळसर राखाडी धुके रंगवून तो कार्डाच्या बैठकीवर सपाट चिकटवायचा आणि फूल फोम टेपने त्यावर उचलून बसवायचे. शुभेच्छेची ओळ वेगळ्या पट्टीवर स्टॅम्प करून खाली लावली की कार्ड पुरे होते.

संख्या मोठी असेल तर एक कार्ड पूर्ण करून दुसरे हाती घेऊ नये. आधी सगळे स्टॅम्प, मग सगळ्यांवरचा लाल, मग हिरवा, मग कापणी आणि शेवटी जोडणी. पहिले कार्ड वाळेपर्यंत शेवटचे रंगवून होते, म्हणून वाट पाहण्यात वेळ जात नाही. दिवाळी आणि नाताळ यांच्यामध्ये साधारण सहा ते दहा आठवडे असतात. दिवाळीचा फराळ संपताना काम हाती घेतले तर तीसचाळीस कार्डे आरामात होतात.

चित्राचे विषय

नाताळच्या ठरावीक चित्रांपैकी बरीच इंग्लंडच्या हिवाळ्यातून आली: होली, आयव्ही, बर्फाचे छप्पर, छातीवर तांबडा डाग असलेला रॉबिन पक्षी. व्हिक्टोरियन काळात लाल गणवेशामुळे टपालवाल्यांनाही लोक रॉबिन म्हणत; त्यामुळे हा पक्षी कार्डांवर पत्र घेऊन येताना दिसू लागला. पण चित्र ठरावीकच असावे असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे, म्हणजे युनिसेफचे, पहिले कार्ड 1949 साली निघाले. त्यावरचे चित्र चेकोस्लोव्हाकियातील यित्का सामकोवा या सात वर्षांच्या मुलीने मदतीबद्दल आभार म्हणून काढले होते.

वसईत, मुंबईत, गोव्यात नाताळला बर्फ नसतो. तिथे दारात चांदणीचा कंदील असतो, गवताचा गोठा असतो, माडांमागे पांढरेशुभ्र चर्च असते. कार्डावर हीच दृश्ये आली पाहिजेत. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या आश्रमात दीर्घकाळ राहिलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांनी अवनींद्रनाथ ठाकुरांकडे धडे घेऊन जलरंगात साडीतली मारिया आणि भारतीय चेहऱ्यांचा नाताळ रंगवला. इथल्या माणसांचा येशूजन्म कसा दिसतो याचा तो उत्तम आदर्श आहे. चांदणीचा कंदील तर डायसाठी आयता विषय: मोठ्या चांदणीतून लहान चांदणी कापली की पडलेल्या जागेमागे पिवळा जलरंग चिकटवावा, कंदील पेटलेला दिसतो.

मजकूर आणि पाकीट

आतला मजकूर पाण्याने न फुटणाऱ्या पेनने लिहावा. आतल्या बाजूला फिकट रंगाचा पातळ कागद चिकटवला तर लिहिणे सोपे होते आणि गडद कार्डशीटवरही अक्षर उठून दिसते. मागच्या बाजूला बनवणाऱ्याचे नाव आणि वर्ष असावे, कारण अशी कार्डे जपून ठेवली जातात. टपालात जाणाऱ्या कार्डावर फोम टेपचा एकच थर ठेवावा, मोती किंवा बटणे लावू नयेत. उंच भाग शिक्के मारण्याच्या यंत्रात अडकतो आणि पाकीट फाटते. भारतात साध्या पत्राचा दर 20 ग्रॅमच्या टप्प्यांनी मोजतात. जाड कागदाचे थरांचे कार्ड पाकिटासह हा टप्पा सहज ओलांडते, म्हणून एक नमुना वजन करून मगच तिकिटे लावावीत. परदेशी जाणारी कार्डे नोव्हेंबरमध्येच टाकावीत. गावातली कार्डे हातोहात द्यायची असतील तर उठावाच्या कामावर बंधन नाही. तिथे दोन थर, रेशमी फीत, सोनेरी दोरा, सगळे चालते.