मिरगाआधी ठरवायच्या गोष्टी: सावंतवाडीत एलजीबीटी बागकाम गट

मोती तलावाला संध्याकाळी चक्कर मारली तर पाच-सहा जण तरी "खंय चल्लंस?" म्हणून विचारतातच. लहान शहराची ही माया आहे. पण समलिंगी मुलाला, ट्रान्सजेंडर व्यक्तीला तीच जड जाते. आपल्यासारख्या माणसांना भेटायचं कुठे आणि विचारणाऱ्याला सांगायचं काय? "कलमां लावूक जातंय" या उत्तरानंतर मात्र आमच्याकडे कोणी खोदून विचारत नाही. एलजीबीटी मंडळींचा बागकाम गट सावंतवाडीत उभा राहावा असं मला मनापासून वाटतं, त्याचं पहिलं कारण हे.

गटात काय चालतं

ठरलेल्या दिवशी समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर माणसं, त्यांचे मित्र आणि यायची तयारी असलेले घरचे लोक एका जागेवर जमतात आणि काम करतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने 2002 पासून या समाजासाठी काम केलं. समुपदेशन, आरोग्य, कायदा यांची गरज आहेच आणि त्यासाठी अशाच संस्थांकडे जावं. पण पहिल्यांदा येणाऱ्याला खुर्चीवर बसून स्वतःबद्दल बोलणं फार अवघड जातं. हातात फावडं असलं की गप्प राहिलेलं चालतं. कोणी चौथ्या खेपेला बोलेल, कोणी कधीच बोलणार नाही, आणि त्याचं काही बिघडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतली दरी

एड्सच्या साथीने सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी वस्तीत एकामागून एक माणसं जात होती, त्या काळात तिथल्या काही मित्रांनी गोल्डन गेट पार्कमधली एक दुर्लक्षित दरी निवडली. झुडपांनी आणि वेलींनी ती गिळली होती. 1991 मध्ये काम सुरू झालं. स्वयंसेवक शनिवारी येत, रान काढत, रोपं लावत. ज्यांचे जोडीदार गेले होते, त्यांतल्या अनेकांना अंत्यविधीतही जागा मिळाली नव्हती. त्यांना इथे दुःखासोबत करायला काम मिळालं. पुढे गेलेल्यांची नावं तिथल्या दगडी वर्तुळात कोरली गेली आणि 1996 मध्ये अमेरिकी संसदेने या बागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. स्वयंसेवकांचे कामाचे दिवस त्यानंतरही चालू राहिले. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की स्मारक आधी बांधून मग माळी नेमला नाही. राबणाऱ्यांच्या हातूनच ते घडलं.

आपल्याकडे सुरुवात रातांब्याने

जागा कोणाच्या परड्यातली चालेल. नगरपरिषदेची किंवा शाळेची असेल तर लेखी परवानगी हवी. जांभ्या दगडाच्या जमिनीत खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावे लागतात. रातांब्यासाठी, म्हणजे कोकमाच्या झाडासाठी, साधारण दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरे. त्यात पालापाचोळा, शेणखत आणि चांगली माती भरायची. लागवड मिरगाचा पाऊस धरला की.

बी रुजवून केलेल्या रातांब्यांत जवळजवळ निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळतं सहा-सात वर्षांनी, फुलं आल्यावर. काही झाडांवर दोन्ही प्रकारची फुलं असतात. म्हणून फळाची खात्री हवी तर कलमच घ्यावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात 1997 सालची. कलम लावताना जोड मातीच्या वर राहील असं पाहायचं आणि खुंटावर फुटलेला फुटवा खुडत राहायचा, नाहीतर कलम मरून खुंटच वाढतो. हे नवख्याला दाखवायला दोन मिनिटं लागतात, आणि ते शेजारी उकिडवं बसूनच दाखवावं लागतं. ओळखी अशाच होतात.

नियम थोडे, पण पक्के

परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. आडनाव, गाव, वाडी विचारायची नाही. गटात कोण येतं हे बाहेर सांगायचं नाही, अगदी घरच्यांनाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळलं, त्यामुळे एकत्र जमण्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कायद्याची भीती गेली तरी घरची भीती उरते आणि ती प्रत्येकाने आपल्या वेळेने सोडवायची असते. नोंदणीची घाई नको. संस्था करायची ठरली तर किमान सात सदस्य लागतात, आणि सातही जण नाव उघड करायला तयार असले पाहिजेत.

गावाशी नातं

दशावतारात बाईचं काम करणाऱ्या पुरुषाचं आमच्या जत्रांत रात्रभर कौतुक होतं. तेच गाव आपल्या घरातल्या बायकी मुलाला मात्र टोमणे मारतं. या गावाशी भांडण्याआधी त्याच्या उपयोगी पडून बघावं असं मला वाटतं. चतुर्थीला घरोघरी गणपतीवर रानफुला-फळांची माटवी बांधतात आणि तिच्यासाठी शेरवडं, हरणं, कवंडाळ शोधत फिरावं लागतं. गटाने कुंपणाकडेला ही झाडं-वेली राखल्या तर आजूबाजूच्या घरांना माटवीचं सामान देता येईल. त्याच दिवसांत चाकरमानी गावी येतात. मुंबई-पुण्यातल्या अशा गटांत वावरलेले काही जण त्यांत असतात, म्हणून पुढच्या वर्षीची बैठक पाच दिवसांचे गणपती गेल्यावर लगेच ठेवावी.