ताप आला की किडनीवरच्या ग्रंथीला कोण कळवतं?

मे २०२१ ची गोष्ट. मी पुण्यात रूमवर, घरचे सगळे राळेगावला. काका कोरोनातून उठले होते, पण फुप्फुसांत सूज राहिली म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू ठेवल्या होत्या. महिना उलटून गेला होता. त्याच दिवसांत ‘स्टिरॉइडमुळे काळी बुरशी होते’ हा मेसेज फिरत होता. मीच तो फॅमिली ग्रुपवर टाकला. काकांनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

तीन-चार दिवसांत उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. काकूचा फोन आला, “बरा झालेला माणूस असा काहून पडला रे?”

उत्तर समजायला आधी शरीराची नेहमीची यंत्रणा बघू.

फोन फार तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, बरोबर? शरीरातही असंच काहीसं आहे. जंतू शिरले की प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाचे छोटे प्रथिन-रेणू सोडतात. हे त्यांचे निरोप. त्यातला इंटरल्यूकिन-१ हा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो, हे १९८७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. पुढची साखळी अशी:

१. हायपोथॅलॅमस सीआरएच हे हार्मोन सोडतं.
२. त्यामुळे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच रक्तात सोडते.
३. ते किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथीला पोचतं आणि ती कॉर्टिसॉल बनवते.

इंटरल्यूकिन-६ तर थेट ॲड्रेनल ग्रंथीवरही काम करू शकतं.

कॉर्टिसॉल रक्तदाब आणि साखर टिकवून धरतं. शिवाय सायटोकाइनचं उत्पादनही कमी करतं. म्हणजे ज्यांनी हाक मारली, त्यांनाच शांत करतं. नाहीतर जंतूंशी लढताना आपल्याच अवयवांचं नुकसान होईल. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की मेंदू वरूनच ऑर्डर कमी करतो. आम्ही इंजिनिअर याला फीडबॅक लूप म्हणतो.

डॉक्टर देतात ते स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचे भाऊबंदच. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही.

माझा मेसेज अर्धा खरा होता. जास्त स्टिरॉइड आणि आटोक्यात नसलेली शुगर यांमुळे काळ्या बुरशीचा धोका वाढतोच. पण उरलेली अर्धी गोष्ट त्यात नव्हती. बाहेरून महिनाभर स्टिरॉइड आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. एसीटीएच थांबतं, ॲड्रेनल ग्रंथी सुस्तावते आणि आकसत जाते. इथे फोनची उपमा संपते, कारण ग्रंथी रिस्टार्ट करून लगेच चालू होत नाही. तिला जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. काकांनी बाहेरचा पुरवठा तोडला आणि आतला सुरूच झाला नव्हता.

त्यांना यवतमाळला नेलं. सलाईन, स्टिरॉइडचं इंजेक्शन, मग गोळ्या पुन्हा सुरू आणि हळूहळू कमी. काका आज ठणठणीत आहेत.

तेव्हा घरात कुणी काही आठवड्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड घेत असेल तर:

• गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डोस किती आणि कसा कमी करायचा, हे डॉक्टरच ठरवतील.
• ताप, उलट्या किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर ‘स्टिरॉइड चालू आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. अशा वेळी निरोप जातात, पण सुस्तावलेली ग्रंथी उत्तर देऊ शकत नाही.
• त्यांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीत औषधाचं नाव भरून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

काकांच्या फोनमध्ये ते मी स्वतः भरलं. आणि औषधाबद्दलचा कुठलाही मेसेज आता ग्रुपवर टाकण्याआधी मी डॉक्टरांना विचारतो.